उजेडात धरलेली तबली

निएव्हेसने तबली खिडकीच्या उजेडात धरली आणि कॉफीचा घोट गिळायचा राहून गेला. हे ती रोज सकाळी करी. आदल्या दिवशी हाताखालून गेलेलं लाकूड दुसऱ्या दिवशी, कुणाशी बोलण्याआधी, एकदा उजेडात धरायचं. तबली म्हणजे गिटारची पुढची फळी, जिच्यावर घोडी बसते आणि जिच्यातून आवाज निघतो. ती इतकी पातळ तासलेली असते की सकाळचं ऊन तिच्यातून मधासारखं झिरपतं आणि आतून चिकटवलेल्या फासळ्यांच्या सावल्या उमटतात. भोकाच्या खाली पंख्यासारख्या पसरलेल्या बारीक काड्या, आणि त्यांच्या वर, भोकाला खेटून, एक तिरकी आडवी पट्टी. चाळीस वर्षं ही सावली तिच्या ओळखीची होती. आतल्या बाजूने बघताना ती पट्टी डाव्या हाताला उतरायला हवी. आज ती उजवीकडे उतरत होती. रोजचंच गाव तळ्याच्या पाण्यात दिसावं, तसं सगळं जागच्या जागी आणि सगळं उलटं.

तिला वाटलं, आपण बाजू चुकलो. तिने तबली फिरवली. समोर गुळगुळीत पोट आलं. परत फिरवली. पट्टी उजवीकडेच. मग तिने टेबलाकडे पाहिलं. वडिलांनी कापलेला पत्र्याचा नमुना कालच्या जागीच पडला होता. हा नमुना लाकडावर ठेवायचा आणि त्याच्या खाचांतून पेन्सिलीने फासळ्यांच्या रेघा ओढायच्या. त्याची एक बाजू इतक्या वर्षांच्या तळहातांनी घासून चकचकीत झाली होती, दुसरी काळपट राहिली होती. काळपट बाजू वर होती. म्हणजे काल तो पालथा पडला होता, त्यावरूनच रेघा ओढल्या गेल्या, त्या रेघांवर सरस लागला आणि दिवसभर त्या फासळ्या तिने तासल्या. बारीक तारांच्या बाजूला घट्टपणा हवा म्हणून ती पट्टी तिकडे उतरते आणि तिकडच्या काड्या जाड ठेवतात. जाड तारांची बाजू मोकळी सोडतात, तिला श्वास लागतो. इथे घट्टपणा जाड तारांखाली गेला होता. नवशिक्याने पहिल्या वर्षी करावी अशी चूक, आणि तीसुद्धा ह्या लाकडावर.

छातीत धस्स व्हायला हवं होतं. ती वाट बघत राहिली. त्याऐवजी बरगड्यांच्या खाली कुठेतरी, चर्चमध्ये हसू दाबताना होतं तसं काहीतरी झालं, आणि त्याची तिला भीती वाटली.

काल काय झालं होतं ते ती आठवू लागली. काल दिवस फार सोपा गेला होता. ईस्टर जवळ आला होता, बाजारामागच्या पटांगणात मिरवणुकीचा बँड सराव करत होता आणि त्यातला एक तुतारीवाला दरवर्षीप्रमाणे पाव सूर खाली होता. एरवी ती खिडकी लावून घेते. काल उघडी ठेवली. पटाशी काड्यांवरून अशी जात होती की लाकडाची सालं न तुटता गोल वेटोळी होऊन मनगटावर पडत होती. काडीचा कणा छपरासारखा निमुळता करायचा, टोकं कागदासारखी विरवत न्यायची, मधे थांबून बोटाने टकटक करून ऐकायचं, परत दोन हात मारायचे. हे काम मान मोडून टाकतं. बारीक तारांच्या बाजूला पोचायला तिला नेहमी कोपर अंगाखाली दुमडून घ्यावं लागे. त्या कोपराचं दुखणं म्हणजे धंद्याचा भाग असं ती समजून चालली होती. काल कोपर दुमडलंच नव्हतं. हात कुठे अडलाच नाही. दुपारचं जेवण राहिलं, संध्याकाळी उभ्याउभ्या हॅम घातलेले बाकल्याचे दाणे पातेल्यातूनच खाल्ले आणि ती गुणगुणत होती. तुतारीवाल्याच्या पडलेल्या सुरातच गुणगुणत होती, हे आत्ता तिच्या लक्षात आलं.

निएव्हेस डावरी होती. शाळेत सिस्टर बेनिग्ना तिचा डावा हात रुमालाने खुर्चीला बांधून ठेवी. त्या काळी सगळ्याच डावऱ्या मुलांचं असं होई, त्याचं कुणाला काही वाटत नसे. आईने तर तो रुमाल धुऊन इस्त्री करून परत पाठवला होता. अक्षर उजव्या हाताने आलं, चमचा उजव्या हातात गेला, क्रूसाची खूणही उजव्या हाताने. पण शाळा सुटली की ती उतारावरच्या कारखान्यात वडिलांकडे, फेर्मीनकडे येई. पहिल्यांदा तिने पटाशी उचलली तेव्हा उचलून परत खाली ठेवली होती, दुसऱ्या हातात घेण्यासाठी. फेर्मीनने ते पाहिलं. तो रंधा मारत होता, थांबला नाही. "शाळेत देव बघतो," तो म्हणाला, "इथे मीच बघतो. आणि माझे डोळे अधू आहेत." आठवडाभराने त्याने तिच्यासाठी एका चाकूची धार दुसऱ्या बाजूने लावून दिली. तो चाकू अजून तिच्याकडे होता. पातं झिजून करंगळीएवढं राहिलं होतं.

लाकूडही त्याच काळातलं. फेर्मीन उत्तरेच्या डोंगरात गेला आणि एका मालमोटारीच्या मागे बसून, स्प्रूसच्या एका ओंडक्यावर पाय पसरून परत आला. ओंडका आईच्या वयाच्या तिप्पट जुना आहे असं त्याने दारातच सांगितलं आणि आई दोन दिवस बोलली नाही. अंगणात त्याने तो कुऱ्हाडीने फोडला. करवत लावायची नाही. करवत माणसाच्या मनाप्रमाणे जाते, कुऱ्हाड लाकडाच्या, असं त्याचं म्हणणं. करवतीने कापलेल्या फळीत धागा वर येतो, खाली जातो, आणि ते डोळ्यांना कळतसुद्धा नाही. मग एक दिवस तार ताणल्यावर कळतं. पाचर धरायला निएव्हेस होती. घाव बसला की ओंडक्यातून आधी वास येई, थंड, ओलसर, लिंबाच्या पानासारखा, आणि मग तडा जाण्याचा आवाज. फोडलेली फळी तो अंगठा आणि मधल्या बोटात लोंबती धरी, दुसऱ्या हाताच्या बोटाच्या गाठीने टकटक करी आणि तिच्याकडे बघे. ती मान हलवी. हो. नाही. नाही. हो. तेव्हा ती दहा वर्षांची होती, आणि तिच्या मानेवर फळ्या राहत किंवा चुलीत जात. पुढे आयुष्यात कुणी तिचं इतकं ऐकलं नाही. दोन फळ्या शेजारी जोडून एक तबली होते, त्या ओंडक्याच्या अशा जोड्या एकेक करून गिटारींमध्ये गेल्या. एक राहिली. ती माळ्यावर, चुलीच्या धुराड्यापासून हातभर लांब, मधे काड्या घालून वारं खेळतं ठेवून, पन्नासेक वर्षं वाळत पडली होती, आणि फेर्मीनने मरण्याच्या वर्षी ती मेल्चोरला देऊन टाकली होती. म्हणजे शब्द दिला होता. मेल्चोर गायकांच्या साथीला वाजवी. "हात कुरकुरायला लागले की ये," फेर्मीन त्याला म्हणाला होता. "त्या लाकडाला फुंकर पुरते."

मेल्चोरचे हात गेल्या हिवाळ्यापासून कुरकुरत होते. म्हणून तर ती जोडी खाली उतरली होती.

म्हणजे आता चाकू गरम करायचा आणि फासळ्या सोडवायच्या. सरस उष्णतेने आणि ओलीने सुटतो, हेच त्याचं मोठेपण. शंभर वर्षांनी कुणीतरी गिटार उघडून चूक दुरुस्त करील म्हणून तर सरस वापरायचा. लोकांच्या गिटारींमधून तिने कितीतरी वेळा फासळ्या सोडवल्या होत्या. दिवस दोन दिवसांचं काम. ओलीने तबली थोडी फुगेल, वाळताना थोडी वाकेल, पण तिचा हात धड होता. तिने सरसाच्या भांड्याखालची शेगडी लावली आणि पातळ सुरी पाण्यात टेकवून ठेवली. हे सगळं ती नीट, क्रमाने करत होती. ते बरगड्यांखालचं काहीतरी मात्र तसंच होतं.

अकराला मेल्चोर आला. तो रोज येई, साठ पायऱ्या चढून, दारात उभा राहून आधी धाप टाकी आणि मग आपण धाप टाकत नव्हतो असा चेहरा करी. निएव्हेस एकसष्ट वर्षांची होती तरी तो तिला पोरीच म्हणे. माझी नवरी उठली का, असं त्याने तबलीकडे बघत विचारलं. तिने त्याला स्टुलावर बसवलं, टोमॅटो चोळलेल्या पावाची बशी पुढे केली आणि सांगून टाकलं. पत्रा पालथा पडला, फासळ्या उलट्या लागल्या, संध्याकाळपर्यंत सोडवते, आठवड्याने परत लावते. तो चावायचा थांबला.

"लग्नाच्या दिवशी नवरीचं तोंड मागच्या बाजूला," तो म्हणाला. "हे माझ्याच नशिबात."

"सोडवते म्हटलं ना."

"तुझ्या बापाने कधी केलं होतं असं?"

"नाही."

"मग तू कसं केलंस?"

तिने पत्रा उचलून त्याची चकचकीत बाजू वर केली. मेल्चोरने सरळ तारा लावून वाजवून बघू असं सुचवलं. ती म्हणाली वाजेल, पण तुझ्या बारीक तारांना दात राहणार नाहीत. बोलताना तिला जाणवलं की हे वाक्य तिचं नाही, वडिलांचं आहे. सुरुवात तर शब्दशः तीच. आठ वर्षांची असताना तिने एकदा भिंतीवरची गिटार उतरवली होती आणि दुसऱ्या मांडीवर घेतली होती, दांडी उजवीकडे, छेडायचा हात डावा. त्याआधी वडिलांनी तिला सरळ धरून तीन सुरावटी शिकवल्या होत्या, आणि तिचे हात त्या गिटारीवर परक्या घरी जेवायला बसल्यासारखे अवघडून बसत. उलटी घेतली तेव्हा जाड तारा खाली गेल्या, सगळं चुकीचं वाजलं, पण हात बसले. इतके बसले की ती घाबरली. फेर्मीन आधी हसला. मग त्याने गिटार हळूच काढून घेतली. तारा बदलून देतो असंही तो म्हणाला नाही. "आत सगळं उजवं आहे, पोरी. वाजेल, पण खोटं वाजेल." मग आत डावं करून द्या, असं ती म्हणाली होती. त्याने फळ्यांच्या चळतीकडे पाहिलं, दाराबाहेर पाहिलं, तिथून गिऱ्हाईक येतं, आणि म्हणाला, "बघू."

तो कठोर माणूस नव्हता. लाकूड थोडं होतं आणि डावी गिटार कोण घेणार होतं. पण त्या 'बघू'नंतर तिने विचारलं नाही आणि त्याने काढलं नाही, आणि होता होता ती सगळ्यांना सांगू लागली की मला वाजवण्यात गोडी नाही, मी करणारी. करणाऱ्याला वाजवता यायलाच हवं असं कुठे आहे. इतकी वर्षं ती आपल्या गिटारी दुसऱ्यांच्या हातात देऊन भिंतीला टेकून ऐकत आली होती. त्यात दुःख नव्हतं, हेही खरं. एखाद्या घरात एक खोली कुलूप लावून ठेवलेली असते, बाकीच्या खोल्यांत माणसं मजेत राहतात.

सुरी तापली होती. तिने तिरक्या पट्टीच्या विरलेल्या टोकाशी ओलं फडकं टेकवलं, मग सुरीचं पातं. सरसाचा ओळखीचा वास आला, ओल्या चामड्याचा. टोक एका केसाएवढं सुटलं. पुढे जायच्या आधी, सवयीने, तिने तबली उचलली, अंगठा आणि मधल्या बोटात लोंबती धरली आणि डाव्या हाताच्या बोटाच्या गाठीने टकटक केली. लाकूड बोललं. खाली एक गोल, खोल सूर आणि त्याच्या मागोमाग वर एक बारीक, विझायला न मागणारा. ती परत वाजवायला गेली आणि वाजवलं नाही, कारण आपण मान हलवली हे तिच्या लक्षात आलं. हो.

स्टुलावरून मेल्चोर उठला. पाव बशीत ठेवून, हात विजारीला पुसून जवळ आला. "परत," म्हणाला. तिने टकटक केली. त्याने कान अगदी लाकडाशी नेला, डोळे मिटले. आवाजाच्या बाबतीत तो अप्पलपोटा होता. एकदा एका गायकाशी लग्नाच्या मांडवात भांडला होता, माझा सूर खातोस म्हणून. आता तसाच वाकून त्याने विचारलं,

"कुणासाठी केलीस ही?"

"तुझ्यासाठी. तुला माहीत आहे."

"मला माझ्यासाठी केलेलं ओळखू येतं." त्याने स्वतःच्या बोटाने तबलीला स्पर्श केला, आत जिथे काड्या जाड होत्या तिथे, आणि तिच्या हाताकडे पाहिलं. टकटक करणारा हात डावा होता. चाळीस वर्षं तो हा हात बघत होता. चाळीस वर्षांत त्याने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. "तू डावरी आहेस," तो म्हणाला. जणू तिने हे त्याच्यापासून लपवलं होतं.

"जन्मापासून."

"आणि तुझ्यासारख्या माणसाने ही मांडीवर घेतली, दांडी इकडे करून, तर आतलं सगळं सरळच."

"हो."

मेल्चोर परत स्टुलावर जाऊन बसला. तो रागावला होता. त्याचे कान लाल झाले. बाहेर एक बाई पावाची पिशवी घेऊन चढ चढत होती, दाराशी थांबून तिने हात उंचावून नमस्कार सांगितला आणि पुढे गेली. निएव्हेसने सांगितलं की सोडवते मी, शब्द दिलेला आहे, आणि सुरी परत पाण्यात टेकवली. तिचा हात खरंच धड होता. पट्टीपर्यंत गेला.

"ठेव ती सुरी," मेल्चोर म्हणाला. आणि तिने ठेवली नाही म्हणून परत, मोठ्याने, "ठेव म्हणतो ना. तुझ्या बापाने मला लाकूड दिलं होतं. हा आवाज नव्हता दिला, त्याच्यापाशी नव्हताच." मग पाव उचलून, भरल्या तोंडाने तो म्हणाला की सत्तर वर्षांच्या नवऱ्या मुलाला मांडवातून परत पाठवायचं तर निदान दुसरी मुलगी तरी दाखव, आणि तीही उगीच काळीसावळी नको. तिने माळ्यावरून चार जोड्या उतरवल्या. दुपार होईस्तोवर दोघं फळ्या लोंबत्या धरून टकटक करत होती. तो मान हलवी, ती मान हलवी, दोघांच्या माना जुळेनात. तिसरी जोडी त्याने तीनदा नाकारली आणि चौथ्यांदा घेतली. ती डोंगरातल्या दुसऱ्याच कुठल्या झाडाची होती, अंगावर रेशमासारखी झाक असलेली, आणि हलकी. "फुंकर पुरेल?" त्याने विचारलं. ती म्हणाली, तुझ्या फुंकरीवर आहे.

त्या दिवशी सुटलेलं ते केसाएवढं टोक तिने सरसाचा एक थेंब देऊन परत बसवलं आणि बोटाने दाबून धरलं, सरस घट्ट होईस्तोवर. खिडकीतून तुतारीवाला पाव सूर खाली वाजवत होता. आपण हसतो आहोत हे तिला गालांवरून कळलं.

पुढचे आठवडे ती दोन गिटारी बरोबर करत होती. सकाळी मेल्चोरची, पत्र्याची चकचकीत बाजू वर ठेवून, दोनदा बघून. दुपारनंतर दुसरी. दुसरीला नाव नव्हतं, तिच्याविषयी कुणी विचारलं तर ती एकीकडचं काम म्हणे. बाजूंना आणि पाठीला तिने सायप्रस घेतला, पिवळा, मिऱ्यासारखा वास येणारा. दफनभूमीच्या भिंतीलगत उभं असलेलं ते झाड कापल्यावर इतका तरतरीत वास देतं ह्याची तिला दरवेळी गंमत वाटे. बाजू तापल्या नळीवर वाकवल्या. मग तबली आणि बाजू जिथे मिळतात तिथे आतून लाकडाचे बोटभर ठोकळे, एकेक, सरसात बुडवून, बोटाने दाबून, खेटून. त्यांना ह्या धंद्यात मजूर म्हणतात. एका गिटारीत असे मजूर पुष्कळ लागतात आणि एकही दिसत नाही. दुसऱ्या कारखान्यांत हल्ली खाचा पाडलेली लांब पट्टी लावतात, लवकर होतं. तिला मजूर आवडत. प्रत्येकाशी अर्धं मिनिट बोट टेकवून बसावं लागतं, आणि त्या अर्ध्या मिनिटात दुसरं काही करता येत नाही. बोट टेकवून ती उघड्या पेटीत बघत बसे. पाठ लागली की हे सगळं बंद होणार. ही पट्टी, हे काडीचे कणे, पटाशीचे डावीकडून गेलेले माग. कुणाला दिसणार नाही. फक्त ऐकू येईल. कधी कधी ह्या विचाराने तिला झोप लागत नसे, आणि ती जागी राहणंसुद्धा सुखाचं होतं.

एक धास्ती मात्र होती. फेर्मीनच्या कारखान्यात एक रीत होती. पाठ चिकटवायच्या आधी, ज्याची गिटार त्याने उघड्या पेटीत तोंड घालून काहीतरी बोलायचं. एक शब्द, एक ओळ, काही जण बायकोचं नाव घेत, काही जण देणेकऱ्याला शिवी देत. कारखान्यातल्या बाकीच्यांनी तेव्हा कान झाकायचे. मग पाठ लागे आणि तो शब्द आत राही. मेल्चोरने आपला शब्द हिवाळ्यापासून ठरवून ठेवला होता आणि पंधरा दिवसांपूर्वी आपल्या गिटारीत बोलून टाकला होता. बराच लांब होता, ती कान झाकून उभी राहून दमली. निएव्हेसला स्वतःला कधी शब्द लागलाच नव्हता. आता ती भांडी घासताना, चढ चढताना शब्द शोधत होती. वडिलांचं नाव घ्यावं, तर त्यात तक्रार येई. स्वतःचं घ्यावं, तर ओशाळल्यासारखं होई.

क्रूसाच्या सणाच्या दिवशी पाठ लावायची ठरली. गल्लोगल्ली लाल फुलांचे क्रूस उभे होते, कारखान्यासमोरच्या चौकात पोरी ठिपक्यांचे झगे घालून नाचत होत्या. मेल्चोर दोरी गुंडाळायला आला, कारण ते एकट्याचं काम नाही. सरस निवायच्या आत पाठ बसवून गिटार दोरीने गच्च आवळावी लागते. त्याने खिशातून एक सफरचंद काढलं, टेबलावर ठेवलं आणि तिचीच कात्री उचलून त्यात खुपसली. सणाच्या दिवशी प्रत्येक क्रूसाच्या पायाशी असं सफरचंद असतं. त्यांच्या बोलीत सफरचंदाच्या एका जातीला आणि 'पण'ला एकच शब्द, तो कात्रीने कापून टाकायचा; बघायला आलेल्याने छान आहे, पण, असं म्हणायचं नाही, असा त्याचा अर्थ. "आज 'पण' नाही," त्याने दटावलं. मग तो भिंतीकडे तोंड करून, दोन्ही कानांवर हात ठेवून उभा राहिला.

सरस गरम होता. वेळ थोडा होता. तिने पेटीच्या कडांवरून ब्रश फिरवला, डाव्या हाताने, आणि वाकून तोंड आत घातलं. आत ऊबदार अंधार होता, मिऱ्याचा आणि लिंबाच्या पानाचा वास. भोकातून खालच्या पाटाचा एक गोल उजेडाचा तुकडा दिसत होता. काड्या तिच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होत्या, पसरलेल्या, आपापल्या जागी. तिने तोंड उघडलं. शब्द आला नाही. तिला काळपट बाजू वर करून पडलेला पत्रा आठवला, आणि तो रुमाल, धुऊन इस्त्री केलेला, आणि फळ्यांच्या चळतीकडे बघत 'बघू' म्हणणारा फेर्मीन, ज्याचे डोळे अधू होते. आणि ते बरगड्यांखालचं, इतके दिवस दाबून धरलेलं, सुटलं. ती हसू लागली. पेटीने ते हसू घेतलं आणि दुप्पट करून परत दिलं, त्यामुळे ती आणखी हसली.

"झालं का?" भिंतीकडून मेल्चोर ओरडला. कानांवर हात होते म्हणून फार मोठ्याने. तिला उत्तर देता येईना. तो वळला, तिला तसं हसताना बघितलं, आणि पाठीची फळी उचलून धावत आला.

"बाजूला हो, पोरी," तो म्हणाला. "आत आहे तोवर लावू."